मग दंडवते का गेले?

नमस्कार मंडळी,

मी बोलणार होतो दुसऱ्याच विषयावर, पण गेल्या रविवारी घरात झालेला वाद काही डोक्यातून जात नाही. तोच सांगतो.

माझ्या बारा वर्षांच्या मुलाला शाळेत विद्यार्थी प्रतिनिधीच्या निवडणुकीला उभं राहायचंय. मी म्हटलं, "राजकारण आपल्यासारख्यांचं काम नाही. अभ्यास कर." तो ताडकन म्हणाला, "मग दंडवते का गेले? तेही फिजिक्सच शिकवायचे ना?"

हे नाव त्याला आजोबांनी दिलेलं. मे महिन्यात रत्नागिरीला जाताना त्यांनी बर्थवर तळहात दाबून दाखवला होता. इथे पूर्वी नुसत्या लाकडी फळ्या होत्या. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या बर्थवर दोन इंचांचा फोम बसवायला घेतला. आजोबा चिमटीत ते दोन इंच धरून बसले होते, नातू टक लावून बघत होता. त्याच वर्षी वर्गभेद नसलेली गीतांजली एक्स्प्रेस मुंबईहून हावड्याला निघाली.

आणि ज्या गाडीत हे बोलणं चाललं होतं तीही त्यांच्याच ध्यासातली. रेल्वे नव्हती तेव्हा कोकणात जायचं म्हणजे कशेडी घाट, एसटीची लाल गाडी, हातात लिंबाची फोड... तुम्हाला काय सांगायचं! १९८९ साली दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. १९९० मध्ये कोकण रेल्वेचं महामंडळ उभं राहिलं, धुरा अभियंते ई. श्रीधरन यांच्याकडे आली. १९९८ च्या २६ जानेवारीला रोह्यापासून थेट मंगळूरपर्यंत मार्ग खुला झाला.

हे दंडवते आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात होते, पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. एवढी मंत्रिपदं भूषवली, २००५ साली गेले तेव्हा देहसुद्धा जे. जे. रुग्णालयाला दिला.

आता थोडं रागावतो, मोठ्या मनानं ऐका. आपल्या घरांत भारतातल्या राजकारणाचा विषय निघाला की जेवणाच्या टेबलावर एकच वाक्य असतं, "सगळे चोर." मीही शंभरदा म्हटलंय. पोरं ते ऐकून मोठी होतात. एखादा पाहुणा मंत्री आला की मात्र फोटोसाठी रांग लावतो, पण त्याला एक प्रश्न विचारत नाही. सिद्धार्थ कॉलेजमधला एक प्राध्यापक पाच वेळा राजापुरातून लोकसभेवर निवडून गेला, हे मुलांना आपण कधी सांगितलं? माझ्या मुलाला ते मी नाही, माझ्या वडिलांनी सांगितलं.

आज सकाळी मी त्याच्या अर्जावर सही केली. गाडीत बसल्यावर त्यानं पुढचा प्रश्न काढला. दंडवते १९९१ ची निवडणूक त्याच राजापुरातून हरले, रेल्वे धावण्याच्या सात वर्षं आधी, हे त्यानं कुठेतरी वाचलंय. "बाबा, लोकांनी त्यांना का हरवलं?"

मी काहीबाही लाट, पक्ष, हवा असं बोललो. त्याला ते पटलेलं नाही, मलाही नाही. इथे राजापूर, लांजा, कणकवलीकडचे कितीतरी जण बसलेत. त्या साली तुमच्या घरातलं मत कुणाला गेलं आणि का, हे सांगायची तयारी असेल तर जेवताना आमच्या टेबलावर या. तो विचारणार आहे.