पापणी का मिटते?

(दृश्य : फडक्यात गुंडाळलेला बर्फ)

या बाईंना झोप आलेली नाही. सकाळी डोळे टक्क उघडे असतात. दुपार कलली की डावी पापणी खाली येते, आणि रात्री भाकरी चावता चावता जबडा थकतो. डॉक्टर पापणीवर दोन मिनिटं बर्फ धरतात. पापणी वर!

मज्जातंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मध्ये फट असते, मिलिमीटरच्या साधारण वीस हजाराव्या भागाएवढी. मज्जातंतू तिच्यात ॲसिटिलकोलीन सोडतो, ते पलीकडे स्नायूवर असलेल्या ग्राहींवर, म्हणजे ते पकडणाऱ्या प्रथिनांवर बसतं, स्नायू आखडतो. लगेच एक विकर (एन्झाइम) ते रसायन तोडून टाकतं. गारव्यात हे विकर मंदावतं, म्हणून बर्फाची करामत.

बाईंचा आजार मायस्थेनिया ग्रॅव्हिस. त्यात शरीराचीच प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) बहुधा या ग्राहींवर उठतात.

(दृश्य : ग्रिनिच, लंडन, 1934)

सेंट अल्फीज रुग्णालय हे काही नामांकित संशोधन केंद्र नव्हतं. तिथल्या डॉक्टर मेरी वॉकर यांच्या लक्षात आलं, की या आजाराची लक्षणं बाणांना लावायच्या क्युरारे विषासारखी आहेत. मग क्युरारेवरचा उतारा इथे का नको? त्यांनी तो उतारा, म्हणजे त्या विकराला रोखणारं फायसोस्टिग्मिन, टोचलं. पापणी उघडली. काही तासांनी पुन्हा मिटली, पण बिघाड कुठे आहे ते कळलं. आजचं पायरिडोस्टिग्मिन त्याच कुळातलं. शिवाय स्टेरॉइड, छातीतल्या थायमस ग्रंथीची शस्त्रक्रिया.

ग्राही मोजायला मात्र साप लागला. 1963 मध्ये तैवानमध्ये तिथल्या मण्यारीच्या विषातून ग्राहींना घट्ट चिकटणारं एक प्रथिन वेगळं केलं गेलं. दहा वर्षांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी तेच वापरून रुग्णांच्या स्नायूंतले ग्राही मोजले. ते फारच कमी भरले.

(दृश्य : पावसाळी रात्र, जमिनीवरचं अंथरूण)

आपल्याकडची मण्यार तिचीच भाऊबंद. झोपेत चावते; सूज नाही, वेदना जेमतेम. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. घरच्यांना वाटतं, जागरण झालं असेल. नागाचं विष ग्राही अडवतं, तिथे फायसोस्टिग्मिनच्याच कुळातलं निओस्टिग्मिन उपयोगी पडतं. मण्यारीचं विष मुख्यतः मज्जातंतूचं टोकच निकामी करतं, त्यामुळे या औषधाचा भरवसा धरता येत नाही. प्रतिविष लवकर द्यावं लागतं, आणि श्वास थांबला तर व्हेंटिलेटर, कधी कित्येक दिवस. टोक नव्याने फुटेपर्यंत.

तोवर डोळे मिटलेला हा माणूस खाटेशेजारचं सगळं बोलणं ऐकत असू शकतो.