सही कुठं करायची?

(दृश्य: मिरज जंक्शन, पहाट. फलाटावर उतरणारी माणसं. हातात पिशव्या, डबे, एक्स-रेचे मोठे लिफाफे.)

मिरजेच्या फलाटावर एक गोष्ट नीट बघा. एक्स-रेचा लिफाफा सहसा आजारी माणसाच्या हातात नसतो. तो मुलाकडं असतो, नवऱ्याकडं असतो, नाहीतर गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाकडं. पेशंट मागून हळूहळू चालत येतो.

अथणी, रायबाग, चिकोडी, जत, कवठे महांकाळ, सांगोला, सगळीकडून माणसं इथं येतात. 1894 साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं. 1962 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. पुढं गल्लोगल्ली दवाखाने झाले. या भागात ‘मिरजेला नेलंय’ म्हटलं की दुखणं मोठं आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

डॉक्टर आणि पेशंट यांच्यात विश्वास उरला नाही, असं हल्ली दोन्ही बाजू म्हणतात. तो नेमका कुठं तुटतो ते बघायचं असेल, तर तोडफोडीचे व्हिडिओ बघून उपयोग नाही. त्याच्या कितीतरी आधीचा एक कागद बघावा लागतो.

(दृश्य: टेबलावर कोरं संमतीपत्र. कॅमेरा ‘वेळ’ या रकान्यावर.)

हे संमतीपत्र. यात सगळ्यात बोलका रकाना वेळेचा. ठरवून केलेलं ऑपरेशन सकाळी दहाचं आणि सही पावणेदहाची असेल, तर त्या पंधरा मिनिटांत समजावणं झालेलं नाही, फक्त सही झालेली आहे. पुष्कळदा हा रकाना रिकामाच असतो.

बहुतेक ठिकाणी प्रकार असा चालतो. ॲडमिशनच्या खिडकीवर डिपॉझिट भरतानाच फॉर्मचा गठ्ठा पुढं येतो. ‘इथं सही, इथं, आणि मागच्या पानावर.’ ऑपरेशनचं नाव लिहायची जागा तेव्हा कोरी असते, ती नंतर भरली जाते, तीही इंग्रजी आद्याक्षरांत. खाली छापलेलं असतं, ‘डॉक्टरांना आवश्यक वाटेल ती कोणतीही शस्त्रक्रिया करण्यास माझी संमती आहे.’ सही करतो मुलगा. आई शेजारच्या बाकड्यावर शुद्धीत बसलेली असते, चष्मा लावून सगळं बघत असते. तिला कोणी विचारत नाही.

पेशंट अठरा वर्षांवरचा असेल आणि समजून निर्णय घेण्याच्या स्थितीत असेल, तर संमती त्याचीच लागते. नातेवाइकाची सही साक्षीदाराच्या जागी चालेल, पेशंटच्या जागी नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे 2008 साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं. तपासणीसाठी दुर्बीण घालायची म्हणून भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आणि अंडाशय, बाहेर बसलेल्या आईला विचारून, काढून टाकलं होतं. न्यायालय म्हणालं, तपासणीची संमती ही उपचाराची संमती नव्हे. जिवाला तातडीचा धोका नव्हता, त्या शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. गर्भपाताच्या कायद्यातही सज्ञान बाईची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. तरी नवऱ्याला घेऊन या, असं आजही अनेक ठिकाणी सांगतात. कायद्यासाठी नव्हे, पुढं भांडण नको म्हणून.

जीव धोक्यात असताना, पेशंट बेशुद्ध आणि जवळ कोणी नाही, अशा वेळी सहीसाठी थांबायचं नसतं. 1989 च्या परमानंद कटारा खटल्यापासून हेही पक्कं आहे की जखमीला आधी उपचार, पोलिसांचे सोपस्कार नंतर.

(दृश्य: बाह्यरुग्ण कक्ष. सर्जन कागदावर पित्ताशयाचं चित्र काढतात.)

समजावणं म्हणजे नेमकं काय, ते पित्ताशयातल्या खड्यांवरून पाहू. हे ऑपरेशन सगळीकडं होतं आणि सगळ्यांना सोपं वाटतं.

खडे कुठं आहेत, दुखतं का, हे आधी आलं पाहिजे. मग ऑपरेशनमध्ये नुसते खडे काढत नाहीत, सगळी पिशवीच काढतात, हे. ते अनेकांना घरी गेल्यावर कळतं! मग पर्याय: खडे आहेत पण कधीच दुखलं नाही, अशा बऱ्याच जणांना ऑपरेशन लागत नाही. नाही केलं तर काय होईल? पुन्हा कळ येऊ शकते, खडा नळीत अडकून कावीळ होऊ शकते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. ऑपरेशन कोण करणार, तेही सांगायचं. फलकावर नाव एकाचं आणि टेबलापाशी दुसरा, हे पेशंटला आधी माहीत हवं.

आणि धोका. दुर्बिणीतून सुरू केलेलं हे ऑपरेशन शंभरातल्या काही जणांत पोट उघडून पूर्ण करावं लागतं. आतली जागा सुजून चिकटलेली असते, नळी आणि रक्तवाहिनी वेगळी ओळखू येत नाही. अशा वेळी थांबून पोट उघडणं हा शहाणपणाचा निर्णय असतो. पण आधी कोणी सांगितलेलं नसतं. घरचे तीन-चार बारीक भोकांची वाट बघत असतात आणि त्यांना बरगडीखाली वीतभर टाके दिसतात. डॉक्टरनं केस बिघडवली, हे तिथल्या तिथं ठरतं. पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण हजारात साधारण तीन ते पाच इतकं धरतात. आकडा लहान आहे, पण ज्याला होतं त्याच्या वाट्याला पुन्हा मोठं ऑपरेशन येऊ शकतं. म्हणून तोही सांगायचा.

इतकं सांगितलं तर पेशंट घाबरून पळून जाईल, असं काही सर्जन म्हणतात. एखादा जाईलही. जाऊ द्यावा. ऐकून घेऊन परत येणारा पेशंट टाके दुखले तरी फोन करून विचारतो, थेट जमाव घेऊन येत नाही.

या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि शक्यतो हे आदल्या दिवशी व्हावं. रात्री घरात बोलणं होतं, शंका निघतात, सकाळी त्या विचारता येतात.

भुलेची संमती वेगळी घ्यायला हवी. लहान दवाखान्यांत भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, सकाळपासून दोन-तीन ठिकाणी जाऊन येतात. पेशंटची आणि त्यांची पहिली भेट थेट टेबलावर होते. मग उपाशी राहण्याबद्दल सांगायचं काम सिस्टरवर पडतं आणि ती म्हणते, ‘रात्रीपासून काही देऊ नका.’ का, ते कोणी सांगत नाही. सकाळी सहाला आजी कळवळते, सून अर्धा कप चहा देते. चहा म्हणजे काही खाणं नव्हे, असा आपला हिशेब. पण दूध पोटात अन्नासारखंच राहतं, त्यासाठी सहा तास धरावे लागतात. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. पोट भरलेलं असताना भूल दिली तर आतलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, माणूस दगावू शकतो. एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर सुनेनं चहा दिला नसता. तो दिलेला लपवलाही नसता.

(दृश्य: वॉर्ड. कन्नड बोलणारी वृद्धा. कॉटजवळ कागद.)

मिरजेत आणखी एक अडचण आहे. फॉर्म इंग्रजीत, डॉक्टर मराठीत बोलणारे, पेशंट कन्नड. मग वॉर्डातल्या मावशींना हाक जाते. मावशी प्रेमळ असतात, दोन्ही भाषा बोलतात. पण ‘रक्तस्राव होऊ शकतो’ याचं भाषांतर त्या ‘काही होत नाही, घाबरू नका’ असं करतात. कन्नड येणारी शिकलेली परिचारिका किंवा निवासी डॉक्टर हे काम नीट करू शकतो, आणि फॉर्मवर समजावणाऱ्याचं नाव व भाषा लिहिता येते. समजलं की नाही ते तपासायचा उपाय साधा आहे. ‘कळलं का?’ असं विचारायचं नाही, त्याला सगळेच मान हलवतात. ‘घरी गेल्यावर थोरल्या मुलाला काय सांगाल?’ असं विचारायचं. ती जे सांगेल, तेच तिला समजलेलं आहे.

आता पैसे. खर्चाचा अंदाज तोंडी आणि एकाच आकड्यात दिला की भांडण ठरलेलंच. ‘चाळीस हजारांत होईल’ म्हटल्यावर घरचे चाळीसच आणतात, तेही पतसंस्थेतून नाहीतर ऊसबिल पुढं धरून. आयसीयूत दोन दिवस जास्त गेले की हिशेब मोडतो. लेखी अंदाजात तीन आकडे हवेत: सगळं सुरळीत झालं तर किती, गुंतागुंत झाली तर कितीपर्यंत, आणि आयसीयूचा एका दिवसाचा खर्च. औषधं, तपासण्या आणि हातमोज्यांपासून कॅथेटरपर्यंतचं साहित्य त्यात धरलंय की वेगळं, तेही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतलं रुग्णालय असेल तर डिपॉझिट भरण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे तिथं बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाला, भेटायचं, मंजुरी आधी घ्यावी लागते. रेशनकार्डावर ‘बाळू’ आणि आधारवर ‘बाळासाहेब’ असेल तर अर्ज तिथंच अडकतो.

बिल फुगण्यामागं ‘कट’, म्हणजे पेशंट पाठवण्याचं कमिशन, असतं, अशी शंका गावोगावी आहे. ती निराधार नाही. गावच्या डॉक्टरनं पेशंट पाठवायचा, मोठ्या दवाखान्यानं पाकीट पाठवायचं, मधे पीआरओ नावाचा माणूस मोटरसायकलवरून फिरायचा. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेत हे कमिशन देणं आणि घेणं दोन्ही गैरवर्तन ठरवलेलं आहे. राज्य सरकारने 2017 साली कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदाही केला होता. पेशंटला ओळखता येईल अशी एक खूण आहे: चिठ्ठीत काय लिहिलंय. आजाराची माहिती, दिलेली औषधं, पाठवण्याचं कारण असेल तर तो संदर्भ. नुसतं दवाखान्याचं नाव आणि ‘माझं नाव सांगा’ असेल, तर दुसरीकडं एकदा मत घ्यावं.

(दृश्य: आयसीयूबाहेरचा जिना. रात्र. पायऱ्यांवर बसलेले नातेवाईक.)

आयसीयूच्या बाहेर एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘72 तास काही सांगता येत नाही.’ डॉक्टरच्या मनात अनिश्चितता असते. ऐकणाऱ्याच्या मनात मुदत. तीन दिवस काढले की माणूस वाचला, असं तो धरून चालतो. चौथ्या दिवशी पेशंट गेला की फसवणूक झाल्यासारखं वाटतं. ‘सिरियस आहे’ हा शब्दही इतका वापरलाय की त्याला वजन उरलेलं नाही. त्यापेक्षा रोज ठरलेल्या वेळी, घरच्यांनी नेमलेल्या एकाच माणसाशी, एकाच डॉक्टरनं बोलावं. कालच्यापेक्षा श्वास कसा आहे, लघवी किती झाली, रक्तदाबाचं औषध वाढवलं की कमी केलं. बिघडत असेल तर ‘आज रात्री जीव जाऊ शकतो’ हे शब्द उच्चारावेत. ‘देवाचं नाव घ्या’ याचे दहा अर्थ होतात. बोलणं झालं की तारीख, वेळ, कोण हजर होतं, काय विचारलं, हे केसपेपरवर लिहावं. पुढं वाद झाला तर डॉक्टरला सगळ्यात जास्त उपयोग याच चार ओळींचा होतो.

72 तास आणखी एका ठिकाणी आहेत, आणि ते कोणी सांगत नाही. पेशंटनं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं कागदपत्रं मागितली, तर 2002 च्या त्याच नियमांनुसार ती 72 तासांत द्यावी लागतात. अर्ज लेखी करायचा, पोच घ्यायची. डिस्चार्ज कार्ड म्हणजे सगळी फाइल नव्हे. ऑपरेशनची नोंद, भुलेचा तक्ता, नर्सिंग चार्ट, संमतीपत्र, सगळं मागायचं.

मृत्यूबद्दल खरंच शंका असेल तर शवविच्छेदन तेव्हाच मागावं लागतं. अंत्यविधीनंतर पुरावा उरत नाही, आणि नेमकं हेच बहुतेकदा होतं. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही. ग्राहक आयोगाकडं दोन वर्षांत जाता येतं. पोलिसांत गेलात तर 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालामुळं आधी त्याच शाखेतल्या जाणकाराचं, शक्यतो सरकारी डॉक्टरचं, मत घेतलं जातं. वेळ लागतो. काचा फोडल्या तर मात्र आपली तक्रार मागं पडते आणि आपल्यावरचा गुन्हा पुढं येतो: 2010 च्या राज्याच्या कायद्यानं तो अजामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दंड पन्नास हजारांपर्यंत, आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई.

त्या काचांचा हिशेब पुढच्या पेशंटलाही द्यावा लागतो. एकदा मार खाल्लेला डॉक्टर रात्री दोन वाजता आलेला अवघड पेशंट हातात धरत नाही. ‘पुढं न्या,’ म्हणतो. जतहून निघालेली गाडी मिरजेतही थांबत नाही, कोल्हापूरकडं वळते. तो मधला तास कुठल्याच केसपेपरवर नोंदला जात नाही.

(दृश्य: ऑपरेशन थिएटरबाहेर. सकाळ. स्ट्रेचरवर सत्तरीची बाई, शेजारी मुलगा आणि सून.)

जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 साली ऑपरेशनसाठी एक तपासणी यादी काढली. भूल देण्याआधीचा तिचा पहिलाच प्रश्न पेशंटला विचारायचा असतो: नाव काय, कशाचं ऑपरेशन, कुठल्या बाजूचं, संमती दिली आहे का. बाजू पेननं आधीच खूण करून ठेवायची. याला अर्धा मिनिट लागतो, आणि घाईच्या दिवशी आधी हाच गळतो.

सिस्टर फाइल उघडते. ‘आजी, कुठल्या पायाचं ऑपरेशन आहे?’

‘डाव्या गुडघ्याचं,’ सून पुढं होऊन सांगते.

सिस्टर हातानं तिला थांबवते. आजीच्या तोंडाजवळ वाकते आणि तोच प्रश्न पुन्हा विचारते.