उमेदवार बदलला, मतदार घरातच राहिला

(सांगलीतल्या एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार.

आपल्याकडे निवडणुकीत एक शब्दप्रयोग सर्रास चालतो : मतदान बाहेर काढणं. मला तो फार आवडतो. मत घरात असतं आणि कोणीतरी जाऊन ते बाहेर काढावं लागतं, हे त्यात गृहीतच धरलेलं आहे. मी लहान असताना आमच्या गल्लीत मतदानाच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास एक कार्यकर्ता यायचा. हातात यादी, कानावर पेन. आईला बाहेरूनच हाक मारायचा, "काकू, तुमचं राहिलंय हो अजून." आई हात पुसत बाहेर यायची, चिठ्ठी घ्यायची, शेजारच्या दोघींना हाक मारायची आणि तिघी मिळून शाळेत मतदानाला जायच्या. त्या माणसाचं नाव मला आठवत नाही. पण त्याच्या यादीत आमचं घर होतं, आणि तिथली खूण राहिलेली त्याला खपत नव्हती.

गेली वीस वर्षं मी न्यू जर्सीत राहते. २०२४ ची अध्यक्षपदाची निवडणूक मी तिथली मतदार म्हणून पाहिली आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूने दारोदार फिरणारी एक साधी स्वयंसेवक म्हणूनही. मी कोणत्या बाजूची आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझं बोलणं त्या हिशेबाने ऐकता येईल.

घटनाक्रम तुम्हाला ठाऊक आहे. २७ जूनला अटलांटात बायडेन आणि ट्रम्प यांची वादचर्चा झाली. बायडेन यांचं वाक्य मध्येच तुटत होतं, नजर हरवत होती. आमच्या दिवाणखान्यात आम्ही सहाजण होतो, आणि वीस मिनिटांनी कोणी कोणाकडे बघत नव्हतं. त्यानंतर साडेतीन आठवडे पक्षात घालमेल चालू होती. २१ जुलैच्या रविवारी दुपारी बायडेन यांनी पत्र काढून माघार घेतली आणि थोड्याच वेळात उपाध्यक्ष कमला हॅरिस यांना पाठिंबा जाहीर केला. मतदानाला १०७ दिवस उरले होते.

आता पर्यायी उमेदवार निवडायचा कसा? वसंतात प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत होणारं मतदान, होऊन गेल्या होत्या. एक कोटी चाळीस लाखांहून अधिक लोकांनी बायडेन यांना मत दिलं होतं, आणि त्या मतांवर निवडून आलेले, पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे जवळपास चार हजार प्रतिनिधी आता मोकळे झाले होते. काही ज्येष्ठ नेत्यांनी छोटी प्रायमरी घ्या, चार-पाच जणांना लोकांसमोर बोलू द्या, असं सुचवलं होतं. ते घडलं नाही. प्रचाराचा निधी 'बायडेन-हॅरिस' या जोडीच्या खात्यात होता, तो दुसऱ्या कोणाला सहज वापरता आला नसता. ओहायोसारख्या राज्यात मतपत्रिकेवर नाव देण्याच्या मुदतीचा पेच होता, त्यामुळे अधिवेशनाची वाट न पाहता ऑनलाइन मतदान घ्यायचं आधीच ठरलं होतं. ज्यांची नावं घेतली जात होती, त्या व्हिटमर, शपिरो, न्यूसम या गव्हर्नरांनी एकामागोमाग एक हॅरिस यांनाच पाठिंबा दिला. सोमवारी रात्रीपर्यंत पुरेसे प्रतिनिधी त्यांच्यामागे उभे होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ९९ टक्के प्रतिनिधींच्या मतांनी त्यावर शिक्कामोर्तब झालं. दीड दिवसात उमेदवार ठरला.

आणि काय उत्साह होता! पहिल्या चोवीस तासांत ८ कोटी १० लाख डॉलर जमा झाले. त्याच रविवारी रात्री कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका ऑनलाइन सभेला ४४ हजार जणी जोडल्या गेल्या. श्यामला गोपालन या भारतीय बाईची मुलगी अध्यक्षपदाची उमेदवार झाली म्हणून आमच्या मराठी, तमिळ, गुजराती मैत्रिणींचे फोन रात्री दोनपर्यंत वाजत होते. मीही रडले. ते खरं होतं.

पण तो उत्साह कोणाचा होता? पैसे पाठवणाऱ्यांचा, सभेला येणाऱ्यांचा, फोन करणाऱ्यांचा. म्हणजे जे मत देणारच होते त्यांचा. ही गोष्ट मला ऑक्टोबरपर्यंत उमगली नाही.

इथे थोडं मागे, १९६८ मध्ये जाते, कारण तो धडा अमेरिकेने एकदा गिरवलेला होता. ३१ मार्चला अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचं दूरचित्रवाणीवरून जाहीर केलं. व्हिएतनाम युद्धाने देश फाटला होता. प्रायमरीत यूजीन मॅकार्थी आणि रॉबर्ट केनेडी लढत होते. जूनमध्ये केनेडींची हत्या झाली. आणि ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांना, ज्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती. आत नेते मतं मोजत होते आणि बाहेर रस्त्यावर पोलिस तरुणांना झोडपत होते.

हम्फ्री चांगले माणूस होते, नागरी हक्कांसाठी आयुष्यभर लढलेले. अडचण अशी की ते जॉन्सन यांचे उपाध्यक्ष होते, आणि युद्धावर जॉन्सन यांच्यापेक्षा वेगळं बोलायला त्यांची जीभ रेटत नव्हती. ३० सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीतल्या भाषणात ते अखेर थोडं वेगळं बोलले, बॉम्बफेक थांबवायला तयार असल्याचं म्हणाले. तिथून त्यांची बाजू सावरायला लागली, घरी बसलेले लोक परतायला लागले. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या निक्सन यांना ४३.४ टक्के मतं पडली, हम्फ्री यांना ४२.७. अंतर पाच लाखांच्या आसपास. ते भाषण महिनाभर आधी झालं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न तिथले अभ्यासक आजही विचारतात. त्या पराभवानंतर पक्षाने नियम बदलले आणि १९७२ पासून उमेदवार ठरवण्याचा अधिकार खऱ्या अर्थाने प्रायमरीत मत देणाऱ्यांकडे गेला.

८ ऑक्टोबर २०२४ ला एका टीव्ही कार्यक्रमात हॅरिस यांना विचारलं गेलं : गेल्या चार वर्षांत बायडेन यांच्यापेक्षा तुम्ही काय वेगळं केलं असतं? त्या म्हणाल्या, असं काही चटकन मनात येत नाही. ते ऐकताना मला सॉल्ट लेक सिटी आठवलं. उपाध्यक्षाला हा प्रश्न चुकत नाही. हॅरिस प्रायमरी लढल्या असत्या, तर तो जानेवारीतच, आयोवा किंवा साउथ कॅरोलायनातल्या एखाद्या शाळेच्या जिमखान्यात, एखाद्या चिडलेल्या शेतकऱ्याने विचारला असता. उत्तर चुकलं असतं, पुन्हा घडलं असतं, दहाव्या वेळी पक्कं झालं असतं. प्रायमरीत उमेदवार घासूनपुसून निघतो. आणि मतदाराची त्याच्याशी सोयरीक जुळते. मी या माणसासाठी भावाशी भांडलो, थंडीत रांगेत उभा राहिलो, अशी आठवण जमा होते. नोव्हेंबरच्या पावसाळी मंगळवारी माणसाला घराबाहेर काढते ती ही आठवण. जुलैमध्ये दुसरा रस्ता होता असं मी म्हणत नाही. मुदती खऱ्या होत्या. चूक त्याआधी वर्षभर झाली होती, सगळ्यांना दिसत असून कोणी बोललं नाही तेव्हा.

आता त्या दाराकडे येते.

१९ ऑक्टोबर, शनिवार. न्यू जर्सी हे आमचं हक्काचं राज्य मानलं जात होतं, म्हणून आम्हाला गाडीत बसवून नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात पाठवत. बक्स काउंटीतलं बेन्सेलम. मोबाईलवरच्या ॲपमध्ये घरांची यादी, प्रत्येकापुढे नाव आणि वय. अकराच्या सुमारास एका दुमजली इमारतीच्या पायरीवर मी उभी होते. पायरीवर भोपळा ठेवलेला, शेजारी लहान मुलाचे चिखलाचे बूट. तिशीच्या एका मुलीने दार उघडलं. अंगावर दवाखान्याच्या मदतनीसांचा निळा गणवेश, रात्रपाळी करून नुकतीच आलेली.

मी पाठ केलेलं बोलायला लागले. तिने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या बाई चांगल्या असतील. पण त्या उमेदवार झाल्या हे मला टीव्हीवर कळलं. मला कुणी विचारलंच नव्हतं." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला विचारलं, तुझं नाव कुठे नोंदलंय? ती म्हणाली, जुन्या घरी, मार्चमध्ये इकडे राहायला आले, आता बहुतेक मत देताच येणार नाही.

नोंदणीची शेवटची तारीख सोमवार, २१ ऑक्टोबर होती. दोन दिवस उरले होते. अमेरिकेत मतदानाला देशभर सुट्टी नसते, आणि घर बदललं की यादीतला पत्ता बदलणं ही मतदाराची स्वतःची जबाबदारी असते. मी म्हटलं, लायसन्स घेऊन ये. ती आत गेली, लायसन्स आणलं, आम्ही दोघी पायरीवर बसलो आणि तिच्याच फोनवर नवा पत्ता भरला. सहा-सात मिनिटं लागली. तिने 'पाठवा' दाबलं आणि मग मला विचारलं, मतदान केंद्र बसच्या रस्त्यावर आहे का? तिच्या मनात मत द्यायचं होतंच. अडलं होतं ते पत्त्यापाशी आणि बसपाशी.

ज्यांनी हे मोजून पाहिलंय ते काय सांगतात? ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन या येल विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी १९९८ मध्ये न्यू हेवन शहरात प्रयोग केला. काही मतदारांकडे माणूस दारात गेला, काहींना पत्र गेलं, काहींना फोन. दारात जाऊन भेटलेल्यांचं मतदान ठळकपणे वाढलं, पत्राने किंचित, पैसे देऊन करवलेल्या फोनने जवळपास काहीच नाही. २००८ च्या पेनसिल्व्हेनिया प्रायमरीत डेव्हिड निकरसन आणि टॉड रॉजर्स यांनी फोनवर तीन साधे प्रश्न विचारून पाहिले : किती वाजता जाणार? कुठून जाणार? त्याआधी काय करत असाल? ज्यांना हे विचारलं, त्यांचं मतदान सुमारे चार टक्क्यांनी जास्त निघालं. मत द्या असा नुसता आग्रह केल्याने मात्र फारसा फरक पडला नाही. आमच्या गल्लीतला तो कार्यकर्ता हे कुठल्याही विद्यापीठाशिवाय जाणत होता.

आणि मग ५ नोव्हेंबर. अध्यक्ष ठरवणाऱ्या, राज्यवार वाटलेल्या इलेक्टोरल मतांत ट्रम्प ३१२, हॅरिस २२६. देशभरात हॅरिस यांना सुमारे साडेसात कोटी मतं पडली, २०२० च्या बायडेन यांच्यापेक्षा ६० लाखांहून अधिक कमी. पण हे ६० लाख कुठे गेले ते पाहा. विस्कॉन्सिनमध्ये हॅरिस यांना बायडेन यांच्यापेक्षा जास्त मतं पडली. जॉर्जियात जास्त, नॉर्थ कॅरोलायनात जास्त. हरल्या तिन्हीकडे, कारण ट्रम्प यांची मतं आणखी वाढली. तरी जिथे दारं ठोठावली गेली तिथे आमचा मतदार मोठ्या प्रमाणात बाहेर आला होता. (मिशिगनची गोष्ट वेगळी. फेब्रुवारीच्या प्रायमरीत तिथल्या एक लाखाहून अधिक लोकांनी गाझाच्या रागापोटी 'कोणालाही नाही' असं मत दिलं होतं. उमेदवार बदलला, त्यांचा प्रश्न तसाच राहिला, आणि अरब वस्तीचं डिअरबॉर्न शहर पक्षाने गमावलं.)

आणि जिथे कोणी फिरकलं नाही? कॅलिफोर्नियात सुमारे १८ लाख मतं घटली. न्यूयॉर्कमध्ये सहा लाखांहून अधिक. माझ्या न्यू जर्सीत बायडेन यांना २६ लाख ८ हजार मतं होती, हॅरिस यांना २२ लाख २१ हजार. जवळपास चार लाख मतं गेली, आणि ट्रम्प यांची वाढ एक लाखाच्या आत. म्हणजे या चार लाखांतले बरेच जण पलीकडे गेले नाहीत, कुठेच गेले नाहीत. २०२० मध्ये साथीमुळे आमच्या राज्यात मतपत्रिका प्रत्येक मतदाराच्या घरी आपोआप पोचली होती, २०२४ मध्ये ती मागवावी लागत होती, हेही त्यात धरायला हवं. पण ती मागवा असं सांगायला तरी कोण आलं होतं? त्या ऑक्टोबरचे चारही शनिवार मी नदीपलीकडच्या दारांवर होते. माझ्या स्वतःच्या दारावर कोणी आलं नाही. माझ्या समोरच्या घरात दोन मतं आहेत. नंतर सहज बोलताना कळलं की ते दोघंही गेले नव्हते. "आपलं राज्य तर येणारच होतं ना," ते म्हणाले. मी त्यांना रोज हात करायची. एकदाही विचारलं नव्हतं.

२०२५ च्या जूनमध्ये आमच्या राज्यात गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरी झाली. सहाजण उभे होते. वादचर्चा झाल्या, भांडणं झाली, आमच्या मराठी मंडळातसुद्धा तीन तट पडले. मिकी शेरिल निवडून आल्या, माझं मत दुसऱ्याला होतं. मग नोव्हेंबरमध्ये तीस लाखांहून अधिक लोकांनी मतदान केलं. २०२१ मध्ये हाच आकडा सव्वीस लाखांच्या आसपास होता. शेरिल तेरा टक्क्यांहून अधिक फरकाने जिंकल्या.

त्याच्या दोन आठवडे आधी एका रविवारी दुपारी आमची बेल वाजली. कॉलेजात शिकणारा एक मुलगा होता, पावसात भिजलेला, हातात फोन. त्याने माझं नाव वाचलं, उच्चार चुकला, मी सुधारला. तो म्हणाला, तुम्ही मत कामावर जाताना देणार की येताना? मी म्हटलं, जाताना, सात वाजता. त्याने खूण केली. मग मी चपला घातल्या आणि त्याला समोरच्या घरी घेऊन गेले.