उथळ पाण्याची बदकं : नांदूर मध्यमेश्वर

(दृश्य : चापडगावचा काठ, जानेवारीतली सकाळ)

नाशिक जिल्ह्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नांदूर मध्यमेश्वरचा हा बंधारा झाला. तेव्हापासून दोन्ही नद्या इथे गाळ आणून टाकताहेत. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ म्हणजे तोटाच. बदकांना मात्र त्या गाळानंच ताट वाढून ठेवलंय : गुडघाभर पाणी, पाणवनस्पती, मधून उघडी पडलेली बेटं. 2020 मध्ये हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं.

(दृश्य : थापट्यांचा थवा)

टोकाला पसरट होत गेलेली ही चोच थापट्याची. तिच्या कडांना बारीक दातेरी झालर असते; पाणी बाहेर जातं, किडे आणि बिया आत राहतात. थवा एकाच जागी गोल गोल फिरतोय, जरा थांबून पाहा. पुढच्याच्या पायांनी ढवळून वर आलेलं खाणं मागच्याच्या चोचीत जातंय. या तळ्यावर मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

(दृश्य : पाण्यावर फक्त शेपट्या)

हे तलवार बदक. डोकं खाली, शेपटी वर. बुडी मारून चरायची याची रीत नाही. मान पोचेल तेवढंच त्याचं शेत. वर दारणा-गंगापूर धरणांमधून पाणी सुटलं, इथली पातळी हातभर चढली, की तळ आवाक्याबाहेर जातो आणि थवा दुसरीकडे सरकतो. काल भरलेला काठ आज रिकामा दिसला, तर आधी पाण्याची पातळी पाहावी.

बदक ओळखताना रंगावर फार विसंबू नका. वीण संपली की नराची पिसं गळतात, त्यामुळे ऑक्टोबरात उतरलेले बरेच नर मादीइतकेच मळकट तपकिरी दिसतात. नटतात ते थंडी वाढत जाते तसे. चोच आणि चरण्याची तऱ्हा बदलत नाही.

(दृश्य : हळदी-कुंकू बदकांची जोडी)

चोचीचं टोक पिवळं, मुळाशी लाल ठिपके. हळदी-कुंकू बदक. उन्हाळा लागताच थापट्या, तलवार बदकासारखे हिवाळी पाहुणे उत्तरेकडे परततात, हे इथेच राहतं. पावसाळ्यात काठच्या दाट गवतात घरटं करतं. म्हणून फक्त हिवाळ्यात येऊन थांबू नका, पावसाळ्याच्या शेवटीही या. गवत उंच असतं, त्यामुळे दुर्बीण हवीच, आणि काठापासून लांबच उभे राहा.