पाहुण्यांना मुटगी वाढा

श्रोतेहो, नमस्कार. आज आपल्या बेळगावकडच्या गरगट्टं, फदफदं, कण्या आणि मुटगी या घरगुती पदार्थांविषयी बोलायचं आहे. नावं ऐकून घरातली नातवंडं हसली असतील, तर हसू देत. दिसायलाही हे पदार्थ तसेच. गरगट्टं म्हणजे पालेभाजी शिजवून घोटलेला हिरवट-काळपट लगदा, अळूचं फदफदं त्याहून गडद. पण चवीला? ते मी तुम्हाला काय सांगायचं!

या साऱ्यांचं दुखणं एकच आहे. हे आपण घरच्यांपुरतं करतो, पाहुण्यांना वाढत नाही. पुन्हा सांगते, पाहुण्यांना वाढत नाही. पाहुणा आला की पुरी, बासुंदी, कुंदा. आणि जे पाहुण्याच्या पानात जात नाही, ते सुनेला शिकवायचंही राहून जातं.

गरगट्ट्याची कृती तुम्हाला ठाऊकच आहे. फक्त रवीनं घोटा, मिक्सरमध्ये घालू नका. मिक्सरनं भाजीचा जीव जातो, असं माझं ठाम मत आहे. लग्नाच्या पंगतीत हल्ली पनीरच पनीर असतं, त्याविषयीही माझं मत तितकंच ठाम आहे, पण ते राहू दे. कण्या, म्हणजे ज्वारी भरडून भातासारखी शिजवलेली, खानापूरच्या भाताच्या मुलखापेक्षा अथणी-गोकाककडे जास्त, कारण तिकडे शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्यांचं म्हणून पाळलं, ज्वारीचं कौतुक झालं, पण त्याच ज्वारीच्या भाकरीपासून होणाऱ्या मुटगीचं नाव काही माझ्या कानावर आलं नाही.

तर मुटगी. आम्ही बेळगावच्या शहापुरात, विणकरांच्या वस्तीत राहायचो. गल्लीत दिवसभर मागांची खटखट. खालच्या खोलीत बँकेतले एक तरुण साहेब भाड्यानं राहायला आले, मूळचे रत्नागिरीकडचे. एका संध्याकाळी वीज गेली, माग थांबले आणि आमच्या घरातला आवाज त्यांना पहिल्यांदा ऐकू गेला. धप्, धप्, धप्. वर आम्हा पोरांचा ओरडा, "अजून मार, आज्जी, अजून मार!"

साहेब दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. "आजी, पोराला मारू नका हो!"

आज्जी बत्ता हातात धरून बघतच राहिली. कंदिलाच्या उजेडात उखळ, उखळात तव्यावरची गरम भाकरी, लसूण, जिरं, ओल्या लाल मिरचीचा रंजका, सगळं एकजीव होत आलेलं, आणि भोवती ताटल्या घेऊन बसलेली आम्ही पोरं. साहेबांनी विचारलं, "हे काय?" आज्जीनं पदर सावरला. "काही न्हाई, पोरांचं खाणं. बसा, शिरा करते."

"शिरा नको. हेच द्या."

"पाहुण्याला हे कसं द्यायचं?"

पण ते मांडी घालून बसलेच. मग तिनं मुठीत गोळा वळला, अंगठ्यानं मधे खळगा केला, त्यात शेंगतेल ओतलं आणि ताटली पुढं सारली. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं, आणि त्यांनी दुसरी मागितली. त्यानंतर वीज गेली की साहेब स्वतःची ताटली घेऊन वर. कुटायचं कामही त्यांनीच घेतलं.

पुढं त्यांचं लग्न झालं, बदली झाली. त्यांच्या बायकोनं आज्जीला पत्र लिहिलं, तांदळाच्या भाकरीची मुटगी करून बघितली, चिकट गोळा होतो, काय करू? आज्जीनं येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर शाळूचं पीठ धाडलं. आणि त्याच दिवाळीत निपाणीचे व्याही आले, तेव्हा त्यांच्या पानात लाडवाशेजारी मुटगी होती. वाढताना आज्जीनं शिऱ्याचं नावसुद्धा काढलं नाही.

तेव्हा येत्या रविवारी कुणी येणार असेल तर उखळ धुऊन ठेवा. भाकरी तव्यावरून थेट उखळात. लक्षात ठेवा, थेट उखळात, गार भाकरीची मुटगी वळत नाही. शेंगतेल हाताशी असू द्या, आणि पहिला गोळा पाहुण्याला. नमस्कार.