फोटो पाहून संस्था निवडायची का?

मंडळी, नमस्कार. मघाशी तर्री-पोह्यांच्या रांगेत नागपूरच्या बर्डीच्या आठवणी निघाल्या होत्या. मला मात्र आमच्या घरी झालेल्या बैठकीबद्दल बोलायचं आहे.

परदेशातल्या आपल्या या मंडळाने नागपूरच्या दिव्यांग मुलांसाठी निधी जमवला. तो कुणाला द्यायचा हे ठरवायला कार्यकारिणी बसली होती. पडद्यावर एका संस्थेचे फोटो सुरू होते, सगळ्यांचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात माझी लेक म्हणाली, "बाबा, या मुलाला माहीत आहे का, आपण त्याला बघतोय ते?"

कुणालाच उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून संस्थांचे अहवाल वाचताना तोच प्रश्न आधी आठवतो.

व्हीलचेअर वाटप आपल्याला फार आवडतं. फोटो निघतो, खुर्चीवर देणगीदाराचं नाव लागतं. पण जागतिक आरोग्य संघटनेने २००८ सालीच सांगून ठेवलं आहे की खुर्ची ज्याच्या-त्याच्या मापाची हवी, ती वापरायला शिकवायला हवं आणि नंतर दुरुस्तीची सोयही हवी. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसलेल्या लहान पोराला मोठ्या माणसाच्या खुर्चीत बसवलं तर ते एका अंगाला कलंडतं, पाठीचा कणा वाकत जातो, बसून बसून जखमा होतात. म्हणून किती खुर्च्या वाटल्या हे विचारू नका. माप कोण घेतं आणि मूल वाढलं की खुर्ची कोण बदलून देतं, ते विचारा.

किती मुलांचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र काढून दिलं, हेही विचारा. 'निरामय'मध्ये किती जणांची नावं घातली? ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारी संस्थेच्या या आरोग्य विम्यातून १ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात, थेरपीसुद्धा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हे पदरात पाडून देणाऱ्या संस्थेचं काम आपले पैसे संपले तरी मुलाजवळ राहतं. आणि मे महिन्यातल्या आपल्या त्या उन्हात, पोराला कडेवर घेऊन बस बदलत थेरपीला जाणारी आई संस्थेच्या बैठकीत बोलते का? मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

राग मानू नका, पण आपण ओळखीवर जातो. धरमपेठेतला शाळूसोबती विश्वस्त आहे ना, मग झालं! सुट्टीत तिथे जातो, मुलं आपल्यासमोर नाचतात, आपण टाळ्या वाजवतो. आपल्या नातवंडांना कुणी असं अनोळखी पाहुण्यांपुढे उभं केलं, तर चालेल का आपल्याला? लेकीने विचारलं ते हेच.

आता पैशांचं. मंडळाचा निधी हा परदेशी निधी, त्यामुळे तो घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या भारतीय कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवीच. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने असा पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देणंही बंद झालं. नोंदणीसाठी किमान ३ वर्षांचं काम आणि त्या काळात मूळ कामावर १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो.

आणि इथे माझा पाय अडतो. मी पाहिलेलं सगळ्यात चांगलं काम नागपुरात हिंगणा रोडकडे दिव्यांग मुलांच्या काही आयांनी मिळून चालवलेल्या एका वर्गात आहे. तिथे मुलाचा फोटो काढण्याआधी मुलाला विचारतात. १५ लाख त्यांनी एकत्र कधी पाहिलेही नसतील. नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय मंडळ त्यांना एक रुपया देऊ शकत नाही. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, ते स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतात. त्यांनी आज जाण्यापूर्वी मला जरूर भेटावं.

पण दरवर्षी आपल्यातले आणखी काही जण इथलं नागरिकत्व घेतात, मीही अर्ज केला आहे. भारतीय पासपोर्टवाल्यांची ही यादी संपली की त्या वर्गाला कुणी द्यायचं?