दुसऱ्याचे गाणे, आपले आयुष्य

श्रोतेहो, नमस्कार.

१९६८ च्या उन्हाळ्यात बीटल्सचा गायक पॉल मॅकार्टनी मोटारीने लंडनबाहेरच्या एका घरी निघाला होता. त्या घरात त्याचा मित्र आणि सहकारी जॉन लेनन याची पत्नी सिंथिया आणि पाच वर्षांचा मुलगा ज्युलियन राहत होते. लेनन मात्र तेव्हा योको ओनोच्या सहवासात रमला होता आणि घटस्फोट अटळ दिसत होता. आईवडिलांच्या ताटातुटीत सापडलेल्या त्या पोराची समजूत कशी घालावी, या विचारात असताना मॅकार्टनीला गाडीतच काही ओळी सुचल्या. आधी त्यांत ज्युलियनचेच लाडाचे नाव होते. गाताना सोपे पडावे म्हणून पुढे ते बदलले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'हे ज्यूड' हे सात मिनिटांहून लांब गाणे प्रसिद्ध झाले. खरी गंमत यापुढची आहे. लेननने ते ऐकले आणि ते आपल्यालाच उद्देशून आहे, असे त्याला वाटले. मॅकार्टनी नकळत आपल्याला नव्या जोडीदाराकडे जाण्याची मोकळीक देत आहे, असेच आपण ते गाणे ऐकत आलो, असे त्याने १९८० मधील एका मुलाखतीत सांगितले. ज्याने घर सोडल्यामुळे मुलाला धीर देण्याची वेळ आली, त्या बापानेच तो धीर स्वतःकडे वळवून घेतला!

आज मला बोलायचे आहे ते या वळवून घेण्याविषयी. रॉक आणि पॉप संगीतात गायकाचे खासगी आयुष्य उतरते, हे आपण सारे जाणतो. किंबहुना वर्तमानपत्रांनी ते जाणून घेण्याची आपल्याला नको इतकी सवय लावली आहे. परंतु दुसऱ्याच्या आयुष्यातून निघालेले गाणे आपण कसे बळकावतो आणि एकदा बळकावल्यावर आपलेच दुःख, आपलेच प्रेम त्या गाण्याच्या चालीने कसे चालू लागते, हा भाग मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो.

हे बळकावणे सोपे जाते ते मुख्यतः गाण्याच्या घडणीमुळे. १९४९ मध्ये अमेरिकेत मिनिटाला ४५ फेरे घेणारी लहान तबकडी बाजारात आली. तिच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांचे गाणे मावे आणि पॉप गाण्याची लांबी पुढे कितीतरी वर्षे त्याच सुमारास राहिली. एवढ्या वेळात पात्रे, गाव, घराणे आणि पूर्वपीठिका सांगायला उसंत नसते. त्यामुळे गीतकार 'मी' आणि 'तू' एवढ्यावरच भागवतो. मी कोण, तू कोण, आपण कोठे भेटलो, का तुटलो, हे तो सांगत नाही. जुन्या कथागीतांत नायकाचे नाव असते, लढाईचे ठिकाण असते, मरणाचे कारण असते. श्रोता तेथे पाहुणा असतो. पॉप गाण्यातल्या 'मी'ची जागा मात्र रिकामी असते आणि पहिल्या कडव्यातच आपण तेथे जाऊन बसतो.

या रिकाम्या जागेचे धोकेही आहेत. पोलीस या बँडचे १९८३ मधील 'एव्हरी ब्रेथ यू टेक' हे गाणे बँडचा गायक स्टिंग याने आपला संसार मोडत असताना लिहिले. सोडून गेलेल्या माणसाच्या प्रत्येक हालचालीवर डोळा ठेवणारा, मत्सराने पोखरलेला मनुष्य त्यात बोलतो. चाल मात्र इतकी मुलायम, गिटारची साथ इतकी शांत, की असंख्य जोडप्यांनी ते आपल्या लग्नात वाजवून घेतले. स्टिंगने ते गाणे भयसूचक असल्याचे वारंवार सांगूनही फरक पडला नाही. येथे श्रोते चुकले, असे म्हणून मोकळे होता येईल. परंतु मला शंका वाटते ती वेगळीच. पाळत ठेवणे आणि प्रेम करणे यांतला फरक जर चालीमुळे इतक्या सहज पुसला जात असेल, तर सोळा-सतरा वर्षांच्या वयात अशी गाणी शेकडो वेळा ऐकताना प्रेमाची कोणती कल्पना आपल्या मनात मुरते? गाणे उपदेश करीत नाही, म्हणून ते काही शिकवत नाही, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

शेकडो वेळा ऐकणे शक्य झाले ते यंत्रांमुळे. १९५४ मध्ये खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीला आला आणि बैठकीच्या खोलीतले, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पसंतीचे संगीत मागे सोडून मुले आपापल्या खोलीत आपापली गाणी ऐकू लागली. याच मालिकेतली पुढची पायरी म्हणजे १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीस आलेला सोनीचा वॉकमन, म्हणजे बरोबर बाळगण्याजोगे कॅसेट वाजवणारे यंत्र. त्या पहिल्या वॉकमनचा निळा-चंदेरी डबा पाहिला, तर त्यात हेडफोन जोडण्यासाठी एक नव्हे, दोन खाचा दिसतात. वर एक नारिंगी बटणही आहे. ते दाबले की संगीताचा आवाज खाली जातो आणि लहानशा मायक्रोफोनमधून शेजारच्या ऐकणाऱ्याशी बोलता येते. कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांना एकट्यानेच संगीत ऐकणे असभ्यपणाचे वाटेल, अशी चिंता होती, म्हणून ही दुहेरी सोय. लोकांना तिची गरज भासली नाही. त्यांना नेमका एकांतच हवा होता, आणि ते नारिंगी बटण पुढे नाहीसे झाले. गर्दीतून चालताना कानात फक्त आपल्यासाठी वाजणारे गाणे, हा अनुभव तोपर्यंत इतका सर्रास नव्हता. रस्ता, पाऊस, समोरून येणारे अनोळखी चेहरे, या साऱ्यांना तेव्हापासून आपापले पार्श्वसंगीत मिळाले.

या एकांतातल्या श्रवणाचा ठसा कोणत्या वयात सर्वांत खोल उमटतो, याविषयी मानसशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे. उतारवयातील माणसांना आठवणी विचारल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर अधिक निघतात, आणि गाण्यांच्या बाबतीत पौगंडावस्थेचे पारडे विशेष जड असते. मॉन्ट्रियल येथील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, श्रोत्यांना त्यांच्याच निवडीचे, अंगावर शहारे आणणारे संगीत ऐकवून मेंदूचे निरीक्षण केले. डोपामिन हे मेंदूतले, सुखाशी निगडित असलेले द्रव्य आवडती जागा आल्यावर तर स्रवतेच, परंतु ती जागा येणार, येणार, अशी वाट पाहतानाही मेंदूच्या दुसऱ्या एका भागात स्रवते, असे त्यांना आढळले. शंभरदा ऐकलेल्या गाण्याचा कंटाळा का येत नाही, याचे काहीसे उत्तर यात आहे. पुढे काय येणार हे पक्के ठाऊक असणे, हाच त्या सुखाचा मोठा वाटा. ज्या वयात पुढे काय येणार हे आयुष्यात काहीच ठाऊक नसते, त्या वयात तीन मिनिटे तरी ते ठाऊक असावे, याचे मोल किती असेल, हे निराळे सांगायला नको.

आता गायकांकडे वळू. आयुष्याचे गाण्यात प्रतिबिंब पडते, असे आपण सहज म्हणून जातो. पण प्रतिबिंबाला आरशाबाहेर येऊन माणसाचा हात धरता येत नाही. गाण्याला तो धरता येतो. फ्लीटवुड मॅक या बँडचा १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेला 'रूमर्स' हा अल्बम याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात त्याचे ध्वनिमुद्रण सुरू झाले, तेव्हा बँडमधील पाचही जणांचे संसार किंवा संबंध मोडकळीस आले होते. गायिका स्टीव्ही निक्स आणि गिटारवादक लिंडसी बकिंगहॅम यांचे जुने प्रेम संपले होते. क्रिस्टीन आणि जॉन मॅकव्ही हे पतिपत्नी विभक्त होत होते. ढोलवादक मिक फ्लीटवुडचाही संसार विस्कटला होता. इतर कोणत्याही कचेरीत अशा माणसांनी एकमेकांच्या वेळा चुकवल्या असत्या. यांनी एकमेकांविषयी गाणी लिहिली आणि ती एकमेकांकडून वाजवून घेतली.

बकिंगहॅमने 'गो युअर ओन वे' या गाण्यात निक्सवर एक झोंबणारी ओळ लिहिली. ती खरी नाही, काढून टाक, असे तिने सांगितले, त्याने ऐकले नाही, आणि त्याच गाण्यात मागून सूर मिळवण्याचे काम तिच्याकडे आले. तिने त्याच ताटातुटीवर 'ड्रीम्स' लिहिले, तेव्हा त्याचे संगीत सजवण्याचे काम त्याने केले, आणि फार उत्तम केले. क्रिस्टीनने आपल्या नव्या प्रियकराच्या आनंदात 'यू मेक लव्हिंग फन' लिहिले. तो प्रियकर बँडच्याच प्रकाशयोजनेचे काम पाहणारा होता. नवऱ्याला मात्र तिने सांगितले की, हे गाणे कुत्र्याविषयी आहे. त्या गाण्यातली बेस गिटार नवऱ्यानेच वाजवली आहे. श्रोतेहो, हा अल्बम पुन्हा ऐकण्याचा योग आला, तर त्या बेस गिटारकडे जरूर लक्ष द्यावे. अतिशय समाधानी वादन आहे.

या अल्बमच्या जगभर चार कोटींहून अधिक प्रती खपल्या, असे मानले जाते, आणि येथूनच गाण्याने आयुष्य घडवण्याचा दुसरा अंक सुरू झाला. सामान्य माणसाचे भांडण काळाच्या ओघात बोथट होते, तपशील विसरले जातात, शब्द आठवेनासे होतात. या मंडळींना ती मुभा राहिली नाही. पुढची कित्येक दशके, श्रोत्यांच्या आग्रहाखातर, निक्स आणि बकिंगहॅम एकाच रंगमंचावर उभे राहून, तेच शब्द, त्याच सुरांत, एकमेकांकडे पाहत गात राहिले. रागाच्या भरात लिहिलेल्या पत्राचे जाहीर वाचन दर संध्याकाळी करावे लागावे, असा तो प्रकार होता. ब्रिटिश गायक आणि गिटारवादक एरिक क्लॅप्टनने अशा वेळी वेगळा मार्ग पत्करला. चार वर्षांच्या मुलाच्या अपघाती मृत्यूनंतर लिहिलेले 'टिअर्स इन हेवन' त्याने २००४ च्या सुमारास कार्यक्रमांत गाणे थांबवले. त्या गाण्यासाठी लागणारी वियोगाची तीव्रता आता आपल्याला जाणवत नाही आणि ती पुन्हा ओढून आणण्याची इच्छाही नाही, असे त्याचे म्हणणे होते. काही वर्षांनी तो ते पुन्हा गाऊ लागला.

श्रोत्यांच्या आयुष्याला गाण्याने प्रत्यक्ष वळण दिल्याची उदाहरणे सांगताना युद्धविरोधी गाणी, चळवळीची गाणी यांचीच नावे घेतली जातात. त्यांचे महत्त्व मी नाकारीत नाही, परंतु ते थोडे फुगवून सांगितले जाते, असे माझे मत आहे. ४ जून १९७६ रोजी मँचेस्टरमधील एका लहान सभागृहात सेक्स पिस्टल्स या बँडचा कार्यक्रम झाला. श्रोते जेमतेम काही डझन होते, वादन ओबडधोबड होते. त्या श्रोत्यांत बसलेल्या पीटर हुक या तरुणाला वाजवता काहीच येत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने बेस गिटार विकत घेतली, आणि बर्नार्ड सम्नर या मित्राबरोबर त्याने पुढे ज्या बँडचा पाया घातला, तो जॉय डिव्हिजन या नावाने प्रसिद्ध झाला. त्या रात्री कोणत्या ओळी गायल्या गेल्या, याला या गोष्टीत फारसे महत्त्व नाही. यांना जमते तर आपल्यालाही जमेल, एवढे तेथे कळले, आणि तेवढे पुरले.

शब्दांनी थेट काम केल्याचा मात्र एक दाखला अलीकडचा आहे आणि तो आकड्यांत मोजला गेला आहे. २०१७ मध्ये लॉजिक या अमेरिकन रॅप गायकाने पॉप गायकांना साथीला घेऊन एक गाणे प्रसिद्ध केले. त्याचे शीर्षक म्हणजे आत्महत्या रोखण्यासाठी चालवल्या जाणाऱ्या अमेरिकेतील हेल्पलाइनचा तेव्हाचा दूरध्वनी क्रमांक. गाण्याच्या आरंभी जगणे नको झालेला मनुष्य बोलतो, मग फोन उचलणाऱ्याचा आवाज येतो, आणि शेवटी तोच मनुष्य जगायचे आहे, असे म्हणतो. गाण्याचे प्रकाशन आणि दोन मोठ्या पुरस्कार सोहळ्यांतील सादरीकरण, यांच्याशी निगडित एकूण ३४ दिवसांचा अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्या दिवसांत हेल्पलाइनवर अपेक्षेपेक्षा ९,९१५ फोन अधिक आले आणि आत्महत्या अपेक्षित आकड्यापेक्षा २४५ ने कमी झाल्या, असे संशोधकांना आढळले. हा परिणाम गाण्याचाच, असे अशा अभ्यासातून निर्विवाद सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही नोंद घ्यावी असा हा आकडा आहे. त्या गाण्यातही 'मी' निनावीच आहे, हेही ध्यानात घ्यावे.

गायकाची हकीकत कळल्याने गाणे अधिक कळते का, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. कॅनडाची जोनी मिचेल हिच्या १९७१ च्या 'ब्लू' या अल्बममध्ये 'लिटल ग्रीन' नावाचे एक हळवे गाणे आहे. लहान मुलीचे नाव ठेवणे, कागदांवर सही करणे, दुःख असणे पण लाज नसणे, असे सारे त्यात उघड उघड म्हटले आहे. १९६५ मध्ये, विशीच्या आरंभी, हाताशी पैसा नसताना मिचेलने आपली मुलगी दत्तक दिली होती, हे मात्र जगाला १९९० च्या दशकात कळले. मायलेकींची भेट १९९७ मध्ये झाली. वीसहून अधिक वर्षे लोकांनी ते गाणे आपापल्या विरहासाठी, आपापल्या हरवलेल्या माणसांसाठी वापरले, आणि सही केलेला तो कागद बहुतेकांच्या कानांवरून नुसता निघून गेला. हकीकत कळल्यानंतर ते गाणे कितीतरी पटींनी मोठे वाटते, परंतु तेथे आपले दुःख ठेवायला आता संकोच होतो. म्हणून एखादे नवे गाणे मनात भरले, तर त्यामागची कहाणी शोधण्याची घाई मी करीत नाही. काही महिने ते माझे असू देतो. कहाणी कोठे पळून जात नाही.

नमस्कार.